नळाचा गॅस आणि सिलिंडरचा गॅस

नळाचा गॅस आणि सिलिंडरचा गॅस एकच, फक्त घरात येण्याची वाट वेगळी, असं काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. नळाने येतो तो मुख्यतः मिथेन. सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जातो. सिलिंडरमधला गॅस जड, जमिनीलगत साचतो. म्हणून हवा खेळण्याची जागा एकाला वर लागते, दुसऱ्याला खाली. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं! शिवाय तेवढ्याच आकारमानात मिथेनची उष्णता निम्म्याहूनही कमी, त्यामुळे शेगडीचं जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक छिद्र, बदलावं लागतं.

देशाच्या पातळीवर मोठी अडचण नळाच्या गॅसच्या वाहतुकीची. उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की तो द्रव होतो, आकारमान सुमारे ६०० पटींनी घटतं, तेव्हा कुठे जहाजात भरता येतो. हा खटाटोप स्वस्त नाही.

या गॅसला ‘स्वच्छ इंधन’ म्हणतात. कोळशाच्या तुलनेत वीजनिर्मितीत त्याचा कार्बन डायऑक्साइड साधारण निम्मा, हे खरंच. पण न जळता होणारी गळती धरली का? २० वर्षांच्या हिशेबात मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास वातावरण तापवतो. विहिरीपासून शेगडीपर्यंतची गळती मोजल्याशिवाय त्याला ‘स्वच्छ इंधन’ म्हणायला माझा तरी विरोध आहे.