लेखावर घर विकलं जात नाही, पण...

घरांच्या एजंटने ब्लॉग लिहावा का, या इथल्या चर्चेत एका एजंटने म्हटलंय, 'ब्लॉग लिहून एक फ्लॅट विकला गेला नाही, त्यापेक्षा घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलला पैसे भरलेले बरे'. ब्लॉगवर नुसत्या फ्लॅटच्या जाहिराती टाकल्या तर तसंच होणार. पुण्यात भाड्याच्या घरांचं काम करताना माझा अनुभव वेगळा आहे. 'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' हा समज घरमालकांच्या डोक्यातून जाता जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देताना होतो तो) लेखी आणि नोंदवलेला हवाच. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. माझ्या ब्लॉगवरच्या एका लेखात एवढंच साध्या भाषेत लिहिलं होतं. तो लेख वाचून परदेशातले मालक फोन करतात तेव्हा ब्रोकरेजची घासाघीस जवळपास नसतेच. पहिला प्रश्न असतो, 'भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन तुम्हीच बघाल ना?' पोर्टलवरून आलेला माणूस मात्र त्याच वेळी आणखी चार एजंटांशी बोलत असतो.

एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. लेखात नव्या प्रकल्पाचं नाव, दर घालून 'बुकिंगसाठी संपर्क करा' लिहिलंत की ती जाहिरात झाली. मग महारेरा (राज्याचं गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. बिल्डरने पाठवलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवणाऱ्यांनी हे आधी तपासावं.