अनुभव धागा: मदत करताना समोरच्याची मान खाली जाऊ नये म्हणून काय करता? (इंदूर)

रामबागकर
नाताळ जवळ आला की कांबळी वाटतानाचे फोटो फिरू लागतात. परवा तसाच एक आला आणि सिस्टर राणी मारिया आठवल्या, आपल्या उदयनगरला काम करणाऱ्या कॅथलिक नन. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. 4 नोव्हेंबर 2017 ला इथेच त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्यांचं काम वाटपाचं नव्हतंच मुळी. बचत गट, बँकेचं कर्ज, सावकाराच्या वहीतून सुटका. तर चर्च-मंडळीच्या कामात काय जमतं, काय फसतं ते लिहा. प्रवचन नको.

सुईदोरा
कपडे. आधी तीन ढीग: देण्यासारखे, दुरुस्तीचे, पोछ्याचे. चेन, बटण, नाडी तपासा. नुसती साडी दिली तर ती ट्रंकेत पडून राहते, कारण परकर नाही आणि दुसरीचा ब्लाउज बसत नाही. मीटरभर कापड आणि शिलाईचे पैसे सोबत द्या. आतले कपडे कायम नवेच. शक्यतो दुकान मांडा: दोरीवर टांगायचं, शर्ट 10, साडी 30. बायका उलटंपालटं करून बघतात, घासाघीस करतात. घासाघीस सुरू झाली की समजायचं, जमलं.

जिरावन
30 ला साडी? भिया, मीच येते 😂

टोकनवाला
धान्याचं किट वाटायचं तर टोकन आदल्या दिवशी घरपोच, त्यावर वेळ लिहून. अर्ध्या तासाला 20 जण, बसायला सतरंजी. माइकवर नावं पुकारू नका. फोटो हवाच तर पोत्यांचा काढा. आणि किटच्या आधी प्रार्थना ठेवू नका, भुकेल्याकडून 'आमेन' वसूल केल्यासारखं होतं ते. शिवाय इथे 2021 चा धर्म स्वातंत्र्य कायदा आहे, धर्मांतरासाठी प्रलोभन दिल्याचा आरोप यायला वेळ लागत नाही.

रामबागकर
+1. पोत्यांचा फोटो 👌

खिडकी क्र. 3
पुष्कळदा पैसा नाही, कागद अडलेला असतो. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक, बघा (कुटुंबाचा 8 अंकी, माणसाचा 9). नाव आधारशी जुळलं नाही की ई-केवायसी अडकते. सुनेचं नाव माहेरच्याच आयडीत राहिलेलं असतं, ते आधी हलवायचं. खातं आहे पण डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात) चालू नाही, तर लाडली बहना या महिलांच्या योजनेचे पैसे येणार कसे? फॉर्म तुम्ही भरू नका. शेजारी बसा, त्यांना भरू द्या. वेळ लागतो, लागू दे.

पेटी-किल्ली
बचत गटात 10 ते 20 बायका, एकाच गल्लीतल्या. बचतीची रक्कम सगळ्यांत तंगीतल्या बाईला झेपेल तेवढीच. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन घरी, पेटी चौथ्या घरी. सहा महिने बैठका आणि वही चोख राहिली तर बँकेचं कर्ज मिळू शकतं. फसतो कुठे? वही लिहिणारी एकच आणि अध्यक्षही तीच. दुसरं, चर्चनं वरून रक्कम ओतली की हप्ते थांबतात. फादरचे पैसे कोण परत करतं!

केडगावचा पाहुणा
पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये नुसतं सांभाळलं नाही. दुष्काळातल्या मुलींच्या हाती छापखाना दिला, विणकाम दिलं.

जिरावन
केडगावला पुण्याहून रेल्वे आहे ना?

केडगावचा पाहुणा
हो, दौंडची गाडी थांबते.

नरवाई
बायबलमधलं लेवीय 19:9-10 वाचा. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, सरवा (कापणीत गळालेली कणसं) गरिबाला ठेवायचा. बायबलमधल्याच रूथ या गरीब विधवेला शेतमालक बवाजानं आयतं पोतं दिलं नाही, वेचू दिलं. तिनं झोडून एफाभर (एफा हे तेव्हाचं धान्याचं माप) जव घरी नेले. आपल्याकडे हार्वेस्टर फिरला की उरलेल्या धसकटांना लगेच काडी लावतात. आग लावण्याआधी चार दिवस थांबलात तरी वेचणाऱ्यांना वाव मिळेल.

सुईदोरा
शुक्रवारी निवडायला चार हात हवेत. बटणं संपलीत.

जिरावन
डबाभर आणते. पोहे तुमच्याकडे.