सोसायटीसमोरच्या पदपथावर पाळीव कुत्र्यांची घाण: दंडाचा ठराव करता येतो का?

विश्रामबागकर यांचा प्रश्न

सांगलीत विश्रामबाग भागात आमची सोसायटी आहे. फाटकाबाहेरच्या पदपथावर सकाळी साडेपाच ते सात या वेळेत आजूबाजूच्या बंगल्यांतील आणि आमच्याच इमारतीतील कुत्री फिरायला आणली जातात, आणि सात वाजता मुले शाळेच्या रिक्षाची वाट पाहत तिथे उभी राहतात तेव्हा पाय ठेवायला स्वच्छ जागा शोधावी लागते. माझ्या सासूबाई वॉकर घेऊन चालतात. वॉकरच्या रबरी टोपणांत अडकलेली घाण घरात आल्यावरच लक्षात येते आणि ती काढायला जुना टूथब्रश लागतो. पावसाळ्यात तर काळ्या मातीच्या चिखलात काय मिसळले आहे ते ओळखूच येत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत पाचशे रुपये दंडाचा ठराव मांडावा असे काही सभासदांचे म्हणणे आहे. असा ठराव कायद्याने टिकेल का? शेजाऱ्यांशी वैर न घेता हा विषय काढण्याची काही रीत आहे का? आमच्यापैकी कोणीही कुत्रे पाळण्याच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करते.

ठरावबुक यांचे उत्तर

दंडाचा ठराव करू नका, तो आपल्याच अंगाशी येईल. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये पाळीव कुत्र्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांनुसार तसा कायदा नसताना रहिवासी संघटनेला किंवा सोसायटीला विष्ठा उचलण्याची सक्ती करता येत नाही आणि त्यासाठी दंड किंवा खास शुल्कही आकारता येत नाही. मात्र मालकांना तशी विनंती जरूर करता येते, आणि प्राण्याची घाण मालकांनीच उचलावी अशी मंडळाचीही अपेक्षा आहे. सरसकट कुत्रे पाळण्यावर बंदी घालणारा ठराव तर मुळीच टिकणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की पदपथ सोसायटीच्या मालकीचा नाही, तो महापालिकेचा आहे. तिथे दंड करण्याचा अधिकार असलाच तर तो महापालिकेला, उपविधींच्या आधारे. मुंबईच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याने रस्त्यावर केलेली घाण ताबडतोब उचलणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे आणि तिची विल्हेवाट शक्यतो घरच्या मलनिस्सारण व्यवस्थेतून लावावी असेही म्हटले आहे. सभेत ठराव करायचाच असेल तर तो दंडाचा नको. असे स्पष्ट कलम आपल्या महापालिकेच्या उपविधींत असावे आणि आपल्या भागात त्याची अंमलबजावणी व्हावी, अशी मागणी करणारा करा आणि प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्या. रस्त्यावर किंवा गटारात कचरा टाकण्यास घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी मनाई आहेच, त्याचा उल्लेख अर्जात असू द्या.

आमराई फेरी यांचे उत्तर

पाळीव कुत्र्यांच्या मालकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याआधी भटक्या कुत्र्यांचा हिशेब मांडायला हवा. आमच्या गल्लीत साखळीतले कुत्रे एकही नाही, तरी घाण आहेच. भटक्या कुत्र्यांना पकडून दूर सोडून देता येत नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्यांना त्याच भागात परत सोडावे लागते. त्याच नियमांनुसार त्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठरवायची असते. ती आपल्या सोसायटीने ठरवली आहे का? फाटकाशी पोळ्या टाकल्या जात असतील तर कुत्री फाटकाशीच राहणार आणि घाणही तिथेच करणार.

मिरजेचा पशुवैद्य यांचे उत्तर

वरील मुद्दा रास्त आहे, पण भटक्या कुत्र्याला मालक नाही म्हणून मालक असलेल्या कुत्र्याची विष्ठा कमी घातक होत नाही. व्यवसायात रोज ऐकू येणाऱ्या दोन समजुतींविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पहिली समजूत अशी की विष्ठा दोन दिवसांत वाळून जाते, मग त्रास कसला? कुत्र्यांच्या आतड्यात टॉक्सोकारा नावाचा गोलकृमी असतो. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी पहिल्या दिवशी बाधक नसतात. ओलसर, उबदार मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती बाधक होतात आणि पुढे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. म्हणजे विष्ठा डोळ्यांना दिसेनाशी झाल्यावरच खरा धोका सुरू होतो. मातीत खेळलेल्या मुलाने हात न धुता काही खाल्ले तर ती अंडी पोटात जातात आणि अळ्या यकृत, फुप्फुसे, क्वचित डोळ्यापर्यंतही पोहोचतात. त्याच दिवशी विष्ठा उचलली तर ही साखळी सुरुवातीलाच तुटते, म्हणून उचलण्याची वेळ महत्त्वाची. आकडीकृमीच्या अळ्या तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरतात.

दुसरी समजूत म्हणजे हे खतच आहे. शेणाशी याची बरोबरी करू नये. गाय-म्हैस चारा खाते, कुत्र्याच्या आहारात मांस असते आणि त्याच्या विष्ठेतील जंतू-कृमी घरगुती खताच्या खड्ड्यातल्या उष्णतेने मरतीलच याची खात्री नसते. परसातल्या भाजीच्या वाफ्यात ती टाकू नका. एक गोष्ट मात्र दिलाशाची आहे: रेबीज विष्ठेतून पसरत नाही, त्याचे विषाणू लाळेत असतात.

जंतनाशकाचे वेळापत्रक बहुतेक घरांत पहिल्या डोसनंतर विसरले जाते. पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी औषध द्यावे लागते; मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे शेजारच्या कुत्र्याची चिठ्ठी वापरू नये. ज्यांना मुलांच्या आरोग्याची गोष्ट पटत नाही त्यांना त्यांच्याच पिल्लाच्या पार्व्होची भीती पटते, असा माझा अनुभव आहे. तो विषाणूही विष्ठेतूनच पसरतो आणि जमिनीवर अनेक महिने जिवंत राहतो, त्यामुळे लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला अशा पदपथावर नेणे धोक्याचे असते.

लॅब्रॅडॉरवाले यांचे उत्तर

आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे आणि त्याची घाण आम्हीच उचलतो, तेव्हा मालकाच्या बाजूने लिहितो. खाणे ठरलेल्या वेळी दिले तर कुत्र्याची शौचाची वेळही ठरते. बहुतेक कुत्री खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत मोकळी होतात. त्याला आधी आपल्याच आवारात फिरवून मोकळे होऊ द्यावे आणि मग बाहेर न्यावे.

बाहेर झालेच तर दुधाची लिटरची रिकामी पिशवी पुरते. वरची कड पूर्ण कापून, धुऊन, वाळवून खिशात ठेवावी. ती हातमोज्यासारखी पंजावर चढवायची, उचलायचे, पिशवी उलटी करून तोंडाला गाठ मारायची. कुत्रे गोल गोल फिरू लागले की खाली जुने वर्तमानपत्र सरकवता येते, मग जमिनीला काही लागतच नाही. शौच पातळ असेल तर वर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून मिनिटभर थांबावे. घरी आल्यावर आतले शौचालयात टाकून पाणी सोडावे आणि कागद-पिशवी सॅनिटरी कचऱ्यासारखी गुंडाळून घंटागाडीत वेगळी द्यावी. गटारात ढकलू नये. शेरीनाल्यातून कृष्णेत काय जाते याची चर्चा सांगलीकर वर्षानुवर्षे करत आले आहेत, त्यात आपली भर कशाला?

आणखी एक निरीक्षण, थोडे कटू आहे. आमच्या भागात निम्म्या कुत्र्यांना मालक फिरवतच नाहीत. कुत्रे साहेबांचे, साखळी वॉचमनच्या हातात आणि पिशवी कोणाच्याच हातात नाही. त्या माणसाला कुत्रे फिरवायला सांगितलेले असते, उचलायला सांगितलेले नसते, आणि सांगायला आपल्यालाही संकोच वाटतो. शेवटी महापालिकेच्या सफाई कामगार बाईंना ते खराट्याने लोटावे लागते. ताई, आपण बोलायचे ते घराच्या मालकाशी बोला, वॉचमनला पदपथावर हटकू नका.

विश्रामबागकर

सर्वांची आभारी आहे. दंडाचा विषय कार्यसूचीतून काढायला अध्यक्षांनी होकार दिला आहे. आता दोन ठराव मांडू: एक महापालिकेकडे उपविधीची मागणी करणारा, दुसरा भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मागच्या भिंतीकडे हलवण्याचा. फाटकाच्या आतल्या बाजूला जुनी वर्तमानपत्रे आणि धुतलेल्या दूधपिशव्यांचा डबा ठेवावा असाही विचार आहे. तो भरत राहण्याचे काम कोणाकडे द्यावे?

लॅब्रॅडॉरवाले

कुत्रे पाळणाऱ्या कुटुंबांकडेच द्या, महिन्याच्या पाळीने. झाकणाचा डबा घ्या, नाहीतर पहिल्याच वळवात कागदाचा लगदा होईल.