आठवीच्या दारात चाचणी: पोरांसाठी की तुकड्यांसाठी?

खडूफळा: सातवीतून हायस्कूलला येणाऱ्या मुलांची क्षमता चाचणी म्हणजे "पहिल्याच दिवशी शिक्का मारणं", असं काल इथे कुणीतरी लिहिलंय. वाचून डोकं फिरलं. मी आठवीला गणित शिकवते. जूनमध्ये आसपासच्या झेडपी शाळांतून पोरं येतात. एक पोरगी तोंडी टक्केवारी काढते, शेजारचीला ५०२ मधून ७८ वजा करताना मधलं शून्य आडवं येतं. प्रगतिपत्रकात दोघींना ब-१. त्या श्रेणीवरून मी काय ओळखायचं? एखाद्याचं वाचन कच्चं असतं, पण आकृत्यांत डोकं पळतं. तो शाब्दिक उदाहरणं कोरी सोडतो आणि गणितात ढ ठरतो. हे मला दिवाळीच्या तोंडावर कळतं. जूनमध्ये कळलं तर कुणाचं काय बिघडतं?

मागचा_बाक: बाई, निकाल कुठे जातो ते आधी सांगा. आमच्या शाळेत तो ऑफिसात गेला आणि आठवी अ, ब, क, ड तयार झाली. मी ड. अ ला गणिताचे नावाजलेले सर, आम्हाला तासाला जो मोकळा असेल तो. इंग्रजी पीटीच्या सरांनी शिकवलं. दहावीपर्यंत एकाचीही तुकडी बदलली नाही.

खडूफळा: तुमच्या शाळेने माती खाल्ली, त्यात चाचणीचा काय दोष?

मागचा_बाक: सगळ्याच शाळा खातात. तुम्ही नसाल खात, तर आरती ओवाळतो.

कलम_तेरा: आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, १३व्या कलमाने प्रवेशासाठी चाळणी लावायला बंदी आहे आणि तो कायदा आठवीपर्यंत लागू आहे. प्रवेश दिल्यावर शिकवण्यासाठी चाचणी घेतली तर हरकत नाही. दोन्हींची गल्लत करून भांडू नका.

गुरुजी_निवृत्त: नवी चाचणी हवीच कशाला? शिष्यवृत्तीत बुद्धिमत्तेचा भाग होताच की! २०१६-१७ला परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली आणि वाट लावली. बहुतेक झेडपी शाळा चौथीलाच संपते. पोरगं आमचं, मेहनत आमची आणि परीक्षा दुसऱ्याच्या शाळेतून! कोण जीव तोडून शिकवणार? आता परत चौथी-सातवीला आणायचं ठरवलंय. एवढी वर्षं कुणाच्या डोक्यावर फोडायची?

पुणेरी_पालक: गुरुजी, बुद्धिमत्तेचं कौतुक पुरे. माझ्या मुलाला क्लासमध्ये शिकवलंय: आरशातलं घड्याळ आलं की ११:६० मधून वेळ वजा कर. ४:२० चे ७:४०. आरसा कसा चालतो ते विचारलं तर म्हणतो, "ते परीक्षेला नाहीये." ही बुद्धिमत्ता?

गुरुजी_निवृत्त: क्लासवाल्यांचं पाप आमच्या माथी मारू नका. आम्ही शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचो, फुकट. पोरांना चहा-बिस्कीट स्वतःच्या खिशातून.

पुणेरी_पालक: म्हणजे घोटूनच घ्यायचात, फक्त फी नव्हती.

गुरुजी_निवृत्त: तोंड सांभाळून. त्या "घोटण्या"तून ऊसतोड कामगारांची पोरं नवोदयला लागलीत. तुमच्या पोराला ट्यूशनला सोडायला गाडी आहे.

एनएमएमएस_ताई: आठवीत एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिला मानसिक क्षमतेचे ९० प्रश्न असतात. पास होऊन यादीत आलं तर नववीपासून वर्षाला १२,००० रुपये. नाही आलं तर पोरगं कशात अडलं ते शाळेत कुणी पाहत नाही. पेपर झाला, विषय संपला. खडूफळा ताई म्हणतात ती गोष्ट निराळी आहे, एवढं तरी समजून घ्या.

मागचा_बाक: घेतलं समजून. करा चाचणी. पण निकाल फक्त वर्गशिक्षक आणि विषयशिक्षकांकडे, ऑफिसात नाही, पालकसभेत तर नाहीच. वर्षभरात परत तपासायचं. आणि तुकड्या आडनावाच्या अक्षरावरून पाडायच्या. जमेल?

खडूफळा: परत तपासायला वेळ कुठून आणू? ऑनलाइन माहिती भरण्यातच तास जातात.

मागचा_बाक: झालं! म्हणजे एकदाच मोजायचं आणि सोडून द्यायचं. तेच तर म्हणत होतो.

खडूफळा: दोनदा घेईन. जून आणि जानेवारी. तुकड्यांचं मुख्याध्यापकांना तुम्ही येऊन सांगा, माझं कुणी ऐकत नाही.

गुरुजी_निवृत्त: चौथीच्या शिष्यवृत्तीबद्दल कुणीच उत्तर दिलं नाही.