मदत हवी आहे: एक्सॉरचा कोड पायथनमध्ये बरोबर, सीमध्ये मात्र ० आणि १०

ॲरेमधले सगळे पूर्णांक दोन-दोनदा आलेत, फक्त दोनच एकेकदा. ते दोन शोधायचेत. सॉर्ट किंवा हॅशमॅप कृपया सुचवू नका, जास्तीची मेमरी वापरायची नाहीये.

पद्धत नेहमीचीच. सगळ्यांचा एक्सॉर (^: दोन आकड्यांचे बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) घेतला की जोड्या कटतात (न ^ न = ०) आणि एकट्या राहिलेल्या दोघांचा एक्सॉर उरतो. त्याला क्ष म्हणू. क्षमधला जो बिट १ असेल, तिथे हे दोघे वेगळे असणारच. सगळ्यात उजवीकडचा तसा बिट घेतो: बिट = क्ष & -क्ष. मग त्यावरून ॲरेचे दोन गट पाडून दोघांचा वेगवेगळा एक्सॉर.

इनपुट: ५, ९, ४, ५, ४, ३
क्ष = १००१ ^ ००११ = १०१०, म्हणजे १०. बिट = २.

इथपर्यंत दोन्ही भाषांत प्रिंट सारखंच येतं. पुढे सीमध्ये हे आहे (नावं इथे मराठीत लिहिलीयत):

इफ (न & बिट == ०) अ ^= न; एल्स ब ^= न;

पायथनमध्ये अट अक्षरशः हीच, आणि उत्तर ९ आणि ३. सीमध्ये अ = ०, ब = १०. एकही आकडा इफमध्ये शिरत नाही. असं का?

प्रतिसाद १
कंस घाला: (न & बिट) == ०.

सीमध्ये == चा अग्रक्रम &, ^ आणि | या तिघांच्याही वर आहे. त्यामुळे आधी बिट == ० तपासलं जातं, ते खोटं म्हणून ०, आणि न & ० कायम ०च. सगळं एल्समध्ये गेलं की ब म्हणजे पुन्हा क्षच, म्हणून १०. पायथनमध्ये हा क्रम उलटा आहे. सीमध्ये सुरुवातीला && नव्हतंच, & बिटवाइज आणि तार्किक 'आणि' ही दोन्ही कामं करायचं. && आल्यावरही & जुन्याच जागी ठेवलं, जुना कोड मोडू नये म्हणून. सीचे निर्माते डेनिस रिची यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. जावातही क्रम सीसारखाच, पण तिथे हा कोड कंपाइलच होत नाही, ते एका अर्थी बरं.

जीसीसी कंपायलरला -वॉल (वॉर्निंग्ज दाखवणारा पर्याय) देऊन बघा, नेमक्या याच ओळीवर वॉर्निंग येते.

मूळ धागाकर्ता
कंस घातले, ९ आणि ३ आले. धन्यवाद! ऋण आकडे असतील तरी चालेल ना?

प्रतिसाद २
एक्सॉरला चिन्हाशी देणंघेणं नाही, पण -क्ष ला आहे. दोघांत फक्त सर्वांत डावा बिट वेगळा असेल, तर साइन्ड (चिन्हासह) इंटमध्ये -क्ष ओव्हरफ्लो होतो, म्हणजे मावत नाही. क्ष आणि बिट दोन्ही अनसाइन्ड (बिनचिन्हाचे) ठेवा.