हायकोर्ट वांद्र्याला गेल्यावर फोर्टच्या इमारतीचं काय?

फोर्टकर: मुंबई हायकोर्टाच्या नव्या संकुलाचं वांद्रे पूर्वला भूमिपूजन होऊन गेलं (सप्टेंबर २०२४). जागा हवीच होती, त्यावर वाद नाही. पण फोर्टची इमारत रिकामी करून संग्रहालय करा म्हणणाऱ्यांना माझा विरोध. जानेवारी १८७९ पासून तिथे न्यायदान चाललंय. तिचा आराखडा करणाऱ्या कर्नल फुलरने मंजूर रकमेतले २,६६८ रुपये वाचवून ती उभी केली. (हल्लीच्या कंत्राटदारांना सांगू नका.) निदान काही कोर्टं तिथेच बसू द्या.

ज्युनिअर_वकील: साहेब, तुम्ही समोरच्या ओव्हल मैदानावरून बघता, आम्ही आत राबतो. १८६२ साली सात न्यायमूर्तींनी सुरुवात झाली होती. आज खंडपीठं धरून मंजूर पदं ९४. आणि कोर्टं वाटली तर सकाळी फोर्टला मेन्शनिंग (तातडीची सुनावणी मागणं), दुपारी वांद्र्याला मॅटर, म्हणजे दुसऱ्या खटल्याची सुनावणी. पळणार कोण? फाइली घेऊन आम्हीच.

माहीमची_मावशी: संग्रहालयच करा, आणि ४६ नंबरच्या कोर्टापासून सुरुवात करा. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा तिथेच झाली. बाहेर त्यांच्या उद्गारांची पाटी आहे, पण साध्या माणसाला ती बघायची तर आधी गेटवर पासची रांग. दगडात कोरलेलं ते माकड बघितलंय का कुणी? एका डोळ्याला पट्टी, हातात तराजू. शाळेच्या सहलीला दाखवायची गोष्ट आहे ही!

सांगलीकर: चालू द्या तुमचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं आमच्या भागासाठीचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतंय. रात्रीची गाडी धरून मुंबई गाठणं संपलं. पक्षकाराला कमान गॉथिक आहे का याच्याशी काय देणंघेणं, बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, मॅटर लागलं म्हणजे झालं.

फोर्टकर: मावशी, पाटी बघायला रविवारी इमारत उघडा, मीही येतो. पण कोर्ट हललं की देखभालीचा पैसा आटतो. आणि ज्युनिअर, हायकोर्ट विभागू नका, कबूल. त्याच रांगेत जुन्या सचिवालयात शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे. ही इमारत त्यांना द्या.

ज्युनिअर_वकील: याला माझी हरकत नाही. पण सत्र न्यायालय म्हणजे रोज आरोपींची ने-आण, पोलिसांच्या गाड्या, कोठडी. २०१८ पासून ही इमारत जागतिक वारशात आहे. आत साधी भिंत घालायची तरी परवानग्या लागतील. दिवाणी कोर्टं न्या, फौजदारी नको.

माहीमची_मावशी: म्हणजे माझ्या सहलीला पुन्हा पासची रांग!