मदत हवी आहे : आईच्या हाडांच्या गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या?

आई ६३ वर्षांची, पारोळ्याला असते. गच्चीवर बिबडे वाळत घालताना पाय सरकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी जळगावला डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) करायला लावली. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७ (उणे २.५ पासून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत असं धरतात), व्हिटॅमिन डी ११, म्हणजे कमीच. आमच्याकडे ऊन कमी आहे म्हणायची सोय नाही! पण ही बसते सकाळी सहाला, डोक्यावरून पदर घेऊन.

घोळ गोळ्यांचा आहे. थायरॉईडची रोज, कॅल्शियम कार्बोनेट ५०० दोनदा, डी३ आठवड्याला ६०,००० युनिट, रविवारी अ‍ॅलेंड्रोनेट ७० (हाडांची झीज रोखणारी). सकाळच्या सगळ्या एका मुठीत घेऊन चहाबरोबर गिळते आणि परत आडवी होते. मग छातीत जळजळ. आता रविवारची गोळीच नको म्हणते. त्यात शेजारच्या काकूंनी महागडी 'हाडांची पावडर' गळ्यात मारलीय. डब्यावर कॅल्शियम किती, ते छापलेलंच नाही.

व्यायामाचं काढलं की, "दिनभर राबस ना मी, आखो काय व्यायाम?"

कुणाच्या घरी असं वेळापत्रक बसलंय का?

प्रतिसाद :
ताई, जळजळीचं कारण बहुधा ते आडवं होणं. अ‍ॅलेंड्रोनेट उठल्याबरोबर, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. तरी जळजळलं तर डॉक्टरांना सांगा, वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं. परस्पर बंद करू नका.
कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर घ्या, थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिग्रॅ लागतं, पण जेवणातलं धरून. कळण्याच्या भाकरीसोबत वाटीभर दही आणि तिळाची चटणी असू द्या. पावडर परत करा.
राबणं म्हणजे बहुतेक वाकून काम, आणि या हाडांना ओझं घेऊन वाकणंच नको. भरभर चालणं, ओटा धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीवरून उठणं, इथून सुरुवात करा. मणका दबलेला नाही ना, ते मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती :
रविवारी थायरॉईडची आणि हाडांची, दोन्ही उपाशीपोटीच्या. आधी कुठली?

प्रतिसाद :
आमच्या सासूबाईंना आधी अ‍ॅलेंड्रोनेट, अर्ध्या तासानं थायरॉईड, आणखी अर्ध्या तासानं चहा असं सांगितलंय. तुमच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. चहा लांबला म्हणून रुसतील, तेवढी तयारी ठेवा.